कॅम्पातील जर्मन : एका परभाषेच्या पहिल्या पायरीचा इतिहास

बेळगावच्या कॅम्प भागाचा इतिहास सामान्यतः तीन गोष्टींभोवती लिहिला जातो : १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर तेथे वसत गेलेली लष्करी छावणी, तिच्या आश्रयाने उभी राहिलेली चर्चे व मिशनरी शाळा, आणि १९२२ च्या लष्करी पुनर्रचनेनंतर येथे स्थिरावलेले मराठा पलटणींचे प्रशिक्षण केंद्र. या तिन्ही गोष्टींचा संबंध इंग्रजी सत्तेशी असल्यामुळे कॅम्पची परभाषा म्हणजे इंग्रजी हे समीकरण सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु याच परिसरात, आणि त्याच्याशी शिक्षणाने व दळणवळणाने जोडलेल्या धारवाड, पुणे व कोल्हापूर या शहरांत, आणखी एका युरोपीय भाषेचा वावर पावणेदोनशे वर्षे आहे व ती भाषा म्हणजे जर्मन. आज महाविद्यालयात प्रवेश घेतलेला एखादा विद्यार्थी मुख्य विषयाबरोबर प्राथमिक जर्मनचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घेतो, तेव्हा तो काही नवे करीत आहे असे घरच्यांना वाटते. वस्तुतः जर्मन बोलणारी माणसे येथे फार आधी येऊन गेली होती. मात्र त्यांनी आपली भाषा येथे शिकवली नाही. भाषा जवळ असणे आणि तिचा वर्ग भरणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि शिकणाऱ्याची स्वतःची गरज उभी राहिल्याखेरीज दुसरी घटना घडत नाही, हे या प्रदेशातील जर्मनच्या वाटचालीवरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात जर्मन भाषकांचे पहिले संघटित आगमन झाले ते बासेल मिशनच्या रूपाने. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे १८१५ मध्ये स्थापन झालेली ही प्रॉटेस्टंट धर्मप्रसारक संस्था १८३४ मध्ये मंगळूरला आली आणि पुढील काही वर्षांत धारवाड, हुबळी व गदग-बेटगेरी येथे तिची ठाणी झाली. संस्था स्विस असली तरी तिचे अनेक कार्यकर्ते नैर्ऋत्य जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग या त्या वेळच्या राज्यातून आलेले होते. बेळगावात मात्र १८२० पासून लंडन मिशनरी सोसायटीचे काम चालू होते. त्यामुळे बासेलच्या मंडळींचे ठाणे शहरात झाले नाही आणि बेळगावला त्यांचा परिचय झाला तो शेजारच्या धारवाडमार्फत. १८४३ मध्ये हेरमान म्योगलिंग याने मंगळूरहून ‘मंगळूरु समाचार’ हे पहिले कन्नड वृत्तपत्र काढले, आणि १८५३ मध्ये भारतात आलेल्या फर्डिनांड किटेल याने चार दशकांच्या परिश्रमानंतर १८९४ मध्ये आपला कन्नड-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. सुमारे सत्तर हजार शब्दांच्या या कोशावाचून आजही कन्नडच्या गंभीर अभ्यासकाचे पान हलत नाही. मंगळूरच्या कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला तोही याच मिशनने, आणि त्या धर्तीची कौले पुढे कोकण, गोवा व बेळगाव भागातील घरांवर इतकी सर्रास चढली की ती मूळची कोणाची हे विचारण्याचे कारणच उरले नाही.

या सर्व खटाटोपाची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. किटेल आणि त्याचे सहकारी कन्नड शिकले, तिचे व्याकरण व कोश रचले, तिच्या जुन्या काव्यांची संपादने केली. पण जर्मन शिकवण्याचा वर्ग काढणे हे त्यांच्या कार्यक्रमात नव्हते. ज्याला धर्म सांगायचा त्याच्या भाषेत तो सांगावा ही प्रॉटेस्टंट मिशनची मूळ भूमिका, आणि सरकारशी व्यवहार इंग्रजीत करणे भाग. या दोहोंच्या मध्ये मिशनऱ्याची मातृभाषा त्याच्या घरापुरती, पत्रव्यवहारापुरती आणि बासेलला पाठवायच्या अहवालापुरती राहिली. किटेलचा कोशसुद्धा कन्नड-जर्मन नाही, कन्नड-इंग्रजी आहे.

कॅथॉलिक बाजूला हीच गोष्ट अधिक जवळून, म्हणजे खुद्द कॅम्पात घडलेली दिसते. जेजुइट हा सोळाव्या शतकात स्थापन झालेला, शिक्षणकार्यासाठी प्रसिद्ध असलेला कॅथॉलिक धर्मसंघ आहे आणि त्याची व्यवस्था ‘प्रांतां’मध्ये विभागलेली असते. १८५० च्या दशकात मुंबई-पुणे मिशनची जबाबदारी या संघाच्या जर्मन प्रांताकडे आली व ती पहिल्या महायुद्धापर्यंत त्याच्याकडे राहिली. पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स शाळा (१८६७) आणि मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय (१८६९) ही त्या काळाची ठळक फळे. कॅम्पातील सेंट पॉल्स शाळा १८५६ ची. तिची जडणघडण याच परिघात झाली. बेळगावसाठी स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला, आणि तोवर येथील कॅम्पचे धागे पुण्याशी बांधलेले होते. अर्थात जर्मन व स्विस धर्मगुरूंच्या देखरेखीखालील या शाळांतही शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच होते. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले, त्यासाठी तपासणी आली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर मॅट्रिकची परीक्षा आली. आणि मुलगा मॅट्रिक होऊन कचेरीत किंवा रेल्वेत लागावा ही पालकांची अपेक्षा तर होतीच. शिकवणारा कोणत्या देशातून आला आहे याला या व्यवस्थेत महत्त्व नव्हते.

जर्मनची पहिली खरी गरज या प्रांतात निर्माण झाली ती संस्कृतमुळे. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याने संस्कृतच्या अध्यापनासाठी जर्मन पंडित नेमले : १८५९ मध्ये पुण्याला मार्टिन हाउग, १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेओर्ग ब्यूलर, आणि हाउगनंतर १८६६ मध्ये डेक्कन महाविद्यालयात फ्रान्ट्स कीलहॉर्न. ब्यूलर व कीलहॉर्न यांनी मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू केली आणि त्यांच्या सहवासात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या एतद्देशीय विद्वानांना चिकित्सक संशोधनपद्धतीचा, म्हणजे हस्तलिखितांची तुलना करून पाठ निश्चित करण्याच्या पद्धतीचा, निकटचा परिचय झाला. याच सुमारास ब्योटलिंक व रोट यांचा संस्कृत-जर्मन महाकोश १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गहून सात खंडांत निघाला. संस्कृत शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी पुण्यातल्या शास्त्र्याला जर्मन यावी लागावी अशी परिस्थिती त्यामुळे उत्पन्न झाली. त्या काळातील विद्वत्तेचे केंद्र किती सरकले होते याचे याहून बोलके प्रमाण देणे कठीण आहे. भांडारकरांना १८८५ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने सन्मान्य पदवी दिली आणि पुढच्या वर्षी ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले. त्यांच्यानंतरच्या पिढीतील विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला, पांडुरंग दामोदर गुणे लाइपत्सिगला शिकून आले. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई या जन्माने जर्मन ज्यू. विंटरनिट्स या प्राच्यविद्यापंडिताच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९२७ पासून प्रसिद्ध केला आणि तो आजही वापरात आहे. ज्ञानकोशकारांच्या कर्तृत्वापुढे हे काम सहसा झाकले जाते. ते तसे झाकले जाऊ नये.

या विद्वानांची जर्मन बहुधा वाचनापुरती होती. व्याकरणाचे पुस्तक, कोश आणि समोर एखादा ग्रंथ, एवढ्या सामग्रीवर ती शिकली जाई, आणि उच्चाराची किंवा संभाषणाची फिकीर कोणी करीत नसे. या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात त्यांनी पुस्तकांच्या साह्याने जर्मन, फ्रेंच व पाली यांचा अभ्यास केला. पन्नाशी उलटलेला, मधुमेहाने त्रस्त असलेला एक राजबंदी शिक्षकावाचून जर्मनच्या विभक्त्या पाठ करतो, कारण पाश्चात्त्य तत्त्वज्ञांचे म्हणणे त्यांच्या मूळ भाषेत पाहण्याची त्याची इच्छा असते. ‘गीतारहस्या’त कांट, शोपेनहाउअर व डॉइसन यांचे जे संदर्भ येतात त्यांच्यामागे ही बैठक आहे. मराठी माणसाने जर्मनची पहिली पायरी कशी चढली याचा इतिहास लिहावयाचा तर मंडालेच्या त्या कोठडीला त्यात मानाचे पान द्यावे लागते.

टिळक सुटले जून १९१४ मध्ये, आणि ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. ब्रिटिश हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिक एका रात्रीत ‘शत्रुराष्ट्रीय’ ठरले. लढण्याच्या वयाच्या पुरुषांसाठी अहमदनगरला मोठी छावणी झाली आणि स्त्रिया, मुले व कुटुंबे यांच्यासाठी ज्या ठिकाणी व्यवस्था करण्यात आली त्यांपैकी प्रमुख ठिकाण बेळगाव होते. स्थानबद्धता म्हणजे खटला न चालवता, केवळ नागरिकत्वाच्या कारणाने माणसांना ठरावीक जागेत अडकवून ठेवणे. अशा स्थितीत येथे आलेल्यांत मिशनऱ्यांची कुटुंबे होती, तशी व्यापारी व नोकरदार माणसांचीही होती. अनेक मिशनऱ्यांना १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ या जहाजाने मायदेशी पाठवण्यात आले. मुंबई-पुणे मिशनमधील जर्मन जेजुइटांचे येथील कार्य याच काळात संपुष्टात आले आणि साठ वर्षांत उभ्या केलेल्या संस्था इतरांच्या हाती गेल्या. १९१७ च्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या वतीने थॉर्मेयर, शोख आणि डॉ. ब्लांशो हे तीन स्विस प्रतिनिधी हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील छावण्या तपासण्यासाठी आले आणि त्यांच्या अहवालात अहमदनगर, सुमेरपूर, बेल्लारी यांच्या जोडीला बेळगावच्या छावणीचे वर्णन आहे.

बेळगावच्या इतिहासग्रंथांत १९१६ हे साल वेगळ्याच कारणाने नोंदलेले असते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबई प्रांतिक परिषद येथे भरली आणि तिच्या निमित्ताने २८ एप्रिल रोजी टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. तुरुंगात स्वतःच्या हिमतीवर जर्मन शिकून आलेला नेता ज्या शहरात स्वराज्याची मागणी मांडत होता, त्याच शहराच्या वाट्याला त्या युद्धात जर्मन बायकामुलांची स्थानबद्धता आली होती. बेळगावात इतकी जर्मन एकाच वेळी त्यापूर्वी कधी बोलली गेली नसेल, आणि ती गावाच्या कानावर पडण्याची शक्यताही इतकी कमी कधी नसेल. दुसऱ्या महायुद्धात हाच प्रकार पुन्हा घडला, तेव्हा कुटुंबांसाठी पुरंदर व सातारा येथे सोय करण्यात आली आणि बेळगावच्या केंद्रात घडलेल्या मराठा पलटणी इटलीत जर्मन सैन्याशी लढत होत्या. यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते याच आघाडीवर. कॅम्पातील कित्येक घरांना ‘जर्मन’ हा शब्द माहीत झाला तो या मोहिमांमुळे, शत्रूचे नाव म्हणून.

बेळगावात पदवीचे शिक्षण देणारे लिंगराज महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. तोपर्यंत येथील मुले पुढच्या शिक्षणासाठी पुणे, कोल्हापूर, सांगली किंवा धारवाड गाठत. त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात दुसरी भाषा म्हणून बहुसंख्य विद्यार्थी संस्कृत, काही फारसी किंवा अर्धमागधी घेत आणि आधुनिक युरोपीय भाषांची सोय मोठ्या शहरांतील थोड्या महाविद्यालयांपुरती असे. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाल्यावर बेळगावची महाविद्यालये त्याच्याकडे गेली आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने शहराचा राजकीय संबंधही मुंबईपासून तुटला. परभाषेच्या शिक्षणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा झाला की बेळगावचा मराठी विद्यार्थी पुण्याच्या शैक्षणिक वर्तुळाच्या बाहेर पडला; पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग मात्र फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात नेमका याच काळात रुजत होता.

दरम्यान गरजेचे स्वरूप पालटले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रसायनशास्त्राचे मूलभूत लेखन मोठ्या प्रमाणावर जर्मनमध्ये होते. बाइलश्टाइनचा सेंद्रिय संयुगांचा संदर्भग्रंथ उघडल्याशिवाय संशोधकाला पुढे जाता येत नसे, आणि म्हणून विज्ञानाच्या संशोधक विद्यार्थ्यांनी ‘वाचनापुरती जर्मन’ शिकावी असा प्रघात अनेक विद्यापीठांत पडला. ही टिळकांच्या जर्मनची विज्ञानशाखेतील बहीण होती : क्रियापद ओळखा, समास फोडा, परिच्छेदाचा अर्थ लावा. इंग्रजी ही विज्ञानाची सर्वसाधारण भाषा झाल्यावर हा प्रघात ओसरला. त्यामुळे जे नुकसान व्हायचे ते झाले. मोठ्या वाक्याला न घाबरता त्याचा सांगाडा शोधण्याची सवय त्या अभ्यासातून लागत असे, आणि तशी सवय लावणारे दुसरे काही त्याच्या जागी आले नाही.

जर्मन संभाषणाची भाषा म्हणून भारतात शिकवली जाऊ लागली ती मुख्यतः गोएथे इन्स्टिट्यूटच्या केंद्रांमुळे. १९५१ मध्ये स्थापन झालेली ही जर्मनीची सांस्कृतिक संस्था भारतात माक्स म्युलर भवन या नावाने ओळखली जाते आणि तिचे येथील पहिले केंद्र १९५७ मध्ये कलकत्त्याला उघडले. या प्रसाराच्या आरंभकाळातील पाठ्यपुस्तक म्हणजे शुल्झ व ग्रीसबाख यांचे, १९५५ चे. त्यात जर्मनखेरीज दुसऱ्या भाषेचा शब्द नव्हता, परंतु मांडणी व्याकरणाची होती. धडा वाचावा, नियम समजून घ्यावा, गाळलेल्या जागा भराव्यात असा त्याचा क्रम असे. १९८० च्या दशकापासून संवादकेंद्री पद्धत आली, म्हणजे दुकानात भाव विचारणे, गाडीची वेळ समजून घेणे, डॉक्टरांकडे वेळ मागणे अशा प्रसंगांभोवती धडे रचले जाऊ लागले आणि व्याकरण प्रसंगाच्या मागोमाग येऊ लागले. २००१ मध्ये युरोपीय परिषदेने भाषाकौशल्याचे सहा स्तर निश्चित केले. ए-१ ही त्यांतील पहिली पायरी आणि सी-२ शेवटची. ‘प्राथमिक जर्मन’ या सैल शब्दप्रयोगाला तेव्हापासून नेमकी मोजपट्टी मिळाली : रोजच्या व्यवहारातील साधी वाक्ये, स्वतःची ओळख, सावकाश बोलणाऱ्याशी थोडेफार संभाषण, आणि त्यासाठी साधारण शंभर-दीडशे तासिका.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील विद्यार्थी जर्मनच्या वर्गात येतो तेव्हा त्याच्याजवळ काय शिदोरी असते याचा विचार फारसा झालेला नाही, आणि तो करण्याजोगा आहे. जर्मन नामाला तीन लिंगे आहेत. इंग्रजीच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला ती जाचक वाटतात, पण मराठी मुलाला निर्जीव वस्तूला लिंग असते याचे नवल वाटण्याचे कारण नाही. नपुंसकलिंग हिंदीत नाही, मराठीत, कोकणीत व गुजरातीत आहे. पुस्तक जर्मनमध्येही नपुंसकलिंगी, ‘डास बुख’. मुलीला ‘डास मेडशेन’ असे नपुंसकलिंगी म्हणतात हे ऐकून अन्य प्रांतांतील विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. ज्याच्या घरी कोकणीत ‘तें चेडूं’ किंवा मराठीत ‘ते पोरगं’ म्हटले जाते त्याला ते ओळखीचे वाटते. संख्यांच्या बाबतीत तर गंमत अशी की एकवीससाठी जर्मन माणूस ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिश’, म्हणजे आधी एक व मग वीस म्हणतो. इंग्रजी क्रमाची सवय झालेला विद्यार्थी येथे हमखास अडखळतो, आणि एकवीस, बावीस, तेवीस असे मराठीत मनात म्हणत गेला तर अडखळत नाही. जर्मनच्या चार विभक्त्या म्हणजे प्रथमा, द्वितीया, चतुर्थी व षष्ठी. संस्कृतचा आठवीतला तक्ता ज्याने पाठ केला आहे त्याला त्यांचे भय नसते. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते. ‘वाइल इश इन बेळगाव वोने’ या वाक्यांशात ‘कारण मी बेळगावात राहतो’ हीच मांडणी जशीच्या तशी आहे, आणि क्रियापद शेवटी ठेवणे हे तर कन्नड व मराठी दोहोंच्या हाडीमाशी खिळलेले आहे. तू आणि तुम्ही, ‘नीनु’ आणि ‘नीवु’ असा भेद रोज पाळणाऱ्याला ‘डू’ व ‘झी’ यांतील फरक सांगावा लागत नाही. अवघड जातात ते ओठांचा चंबू करून काढायचे ‘ऊ’ व ‘ओ’चे वेगळे उच्चार, आणि मुख्य वाक्यात क्रियापदाला दुसऱ्या जागी पकडून ठेवणे. इतके भांडवल असूनही वर्गात सर्व स्पष्टीकरण इंग्रजीतून दिले जाते. कॅम्पातल्या जेजुइटांच्या काळापासून चालत आलेली ही इंग्रजीची मध्यस्थी अजून सुटलेली नाही, आणि ती सुटली तर येथील मुले पहिली पायरी कमी कष्टात चढतील असे म्हणता येईल.

आजच्या गरजेचे मूळ बेळगावच्या उद्योगात शोधावे लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये येथे सायकलींचे दुकान काढले आणि त्यातूनच लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. १९१० मध्ये तो कुंडलजवळच्या माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला गेला तरी ओतकाम व यंत्रकाम यांचे वळण शहराला लागून राहिले. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्र्या, गोगटे तंत्रशास्त्र महाविद्यालयासारख्या १९७९ पासूनच्या संस्था आणि १९९८ मध्ये बेळगावात मुख्यालय घेऊन सुरू झालेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ या सर्वांनी मिळून यंत्र अभियांत्रिकीकडे ओढा असलेला विद्यार्थिवर्ग घडवला. अशा विद्यार्थ्याला जर्मनी म्हणजे यंत्रांचा देश, आणि तेथील सरकारी विद्यापीठांतील शिक्षणशुल्क अमेरिकेच्या तुलनेत नगण्य. शाळांतील स्थिती मात्र धरसोडीची राहिली. केंद्रीय विद्यालयांत २०११ पासून तिसरी भाषा म्हणून जर्मन शिकवली जात होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये, ऐन सत्राच्या मध्यात, तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला. दीडशे वर्षांपूर्वी ज्या दोन भाषांनी एकमेकींना हात दिला होता त्या एकाच तासिकेसाठी एकमेकींसमोर उभ्या करण्यात आल्या, ही गोष्ट खेदजनक होती.

या काळात ए-१ ला कायद्याचेही वजन आले. २००७ पासून जर्मनीत राहणाऱ्या जोडीदाराकडे जाण्यासाठी व्हिसा मागणाऱ्या पतीला किंवा पत्नीला सामान्यतः ए-१ चे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यामुळे पुण्या-बेळगावच्या लग्नघरांत वधूच्या तयारीत जर्मनचा वर्ग आला. २०२० मध्ये कुशल कामगारांच्या स्थलांतराचा नवा कायदा लागू झाला आणि जून २०२४ पासून ‘संधिपत्र’ योजना सुरू झाली. नोकरी शोधण्यासाठी वर्षभर जर्मनीत राहू देणाऱ्या या परवान्याला ए-१ जर्मन किंवा त्याहून बऱ्याच वरच्या स्तराची इंग्रजी पुरते. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि उमेदवारांसाठी जर्मनच्या प्रशिक्षणाची योजना आखली. म्योगलिंग आणि हाउग ज्या व्युर्टेम्बर्गमधून आले, त्याच मुलखाला आता महाराष्ट्रातील परिचारक, वीजतंत्री व वाहनचालक हवे आहेत. ही योजना महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी असल्याने बेळगाव-निपाणीच्या मराठी तरुणाला ती शेजारच्या घरातील गोष्ट म्हणून पाहावी लागते. सीमेवरच्या निपाणीत तर हे अंतर पायी मोजता येते : गावाला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात आहे व शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहे, आणि तेथे शिकणारी कितीतरी मुले मात्र कर्नाटकच्या रहिवासाची आहेत.

महाविद्यालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि ए-१ ची परीक्षा एक नव्हेत, हे प्रवेश घेणाऱ्यास बहुधा उशिरा कळते. महाविद्यालयाचे प्रमाणपत्र गुणपत्रिकेत उपयोगी पडते. वकिलातीला मात्र गोएथे, टेल्क किंवा ऑस्ट्रियाच्या ओएसडी अशा मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते, आणि बेळगावच्या विद्यार्थ्याला त्यासाठी बहुधा पुणे किंवा बंगळूर गाठावे लागते. गोएथेची परीक्षा सुमारे ऐंशी मिनिटांची असते व ती श्रवण, वाचन, लेखन व संभाषण अशा चार भागांत घेतली जाते. शंभरपैकी साठ गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. लेखनात एक अर्ज भरायचा आणि सुमारे तीस शब्दांचे पत्र लिहायचे. संभाषणाच्या आरंभी उमेदवाराने नाव, वय, देश, गाव, भाषा, व्यवसाय व छंद सांगायचे असतात, आणि परीक्षक त्याला आडनावाची अक्षरे एकेक करून उच्चारायला व दूरध्वनीचा क्रमांक सांगायला लावतात. ‘भाषा’ या मुद्द्यावर कॅम्पातल्या मुलाला मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, कधी कोकणी किंवा उर्दू अशी यादी द्यावी लागते, आणि पहिल्या पायरीच्या पाठ्यपुस्तकांतील नमुना उत्तरांत तिच्यासाठी सहसा जागा ठेवलेली नसते.